वाचल्यावाचून उठवलेला अंगठा

चोर म्हटला की तो रात्री येणार, भिंतीला भोक पाडणार, नाही तर कडीकोयंडा उचकटणार, अशी आपली समजूत. परंतु घरच्या संगणकात शिरणाऱ्या एका जातीच्या चोराचा इतिहास पाहिला तर निराळीच हकीगत दिसते. हा चोर भरदिवसा आला, पुढच्या दाराने आला, आणि बहुतेक वेळा घरधन्यानेच त्याला दार उघडले. ते कसे, हे आज सांगायचे आहे.

या जातीत दोन पोटजाती आहेत. जाहिराती लादणारी ती ॲडवेअर, आणि पाळत ठेवणारी ती स्पायवेअर. पहिली तुमच्या वाचनात मध्येच जाहिरातीचा पडदा आणून उभा करते. दुसरी कोपऱ्यात बसून तुम्ही काय वाचता, काय शोधता, प्रसंगी कोणता पासवर्ड टाइप करता, याची टिपणे घेते व आपल्या मालकाकडे धाडते. पुष्कळदा दोघी एकाच घरात नांदतात. कारण कोणाला कोणती जाहिरात दाखवावी हे ठरवायचे, तर पाळत ही आलीच.

संगणकाचे व्हायरस याहून जुने. लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस १९८६ साली फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. पण व्हायरस न विचारता येतो. ॲडवेअरची रीत वेगळी. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत इंटरनेट घरोघर पोचले आणि लहानमोठे प्रोग्रॅम फुकट वाटायची प्रथा पडली. मग लिहिणाऱ्याचे पोट कशावर चालायचे? जाहिरातीवर! प्रोग्रॅमच्या पदराला जाहिरात दाखवणारा एक तुकडा बांधून द्यायचा. माणूस घ्यायला जाई एक वस्तू, आणि घरी येत दोन.

'गेटर' नावाच्या प्रोग्रॅमचेच पाहा. तुमचे पासवर्ड मी लक्षात ठेवतो, अर्ज मी भरून देतो, असा त्याचा गोड करार. त्याच्या बदल्यात तो दुसऱ्यांच्या पानांवर स्वतःच्या जाहिराती आणून ठेवी. २००२ साली 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'न्यूयॉर्क टाइम्स' यांसारख्या वृत्तपत्रांच्या मालकांनी त्याला कोर्टात खेचले. २००३ मध्ये तडजोड झाली, आणि त्याच वर्षी कंपनीने आपले नावच बदलून 'क्लॅरिया' असे ठेवले. मुलांसाठी 'बॉन्झी बडी' नावाचे जांभळे माकड होते. ते पडद्यावर उड्या मारी, विनोद सांगे. परंतु आईबापांच्या परवानगीवाचून मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल त्याच्या कंपनीला २००४ साली ७५ हजार डॉलर दंड भरावा लागला.

आता तुम्ही विचाराल, लोकांनी हे चालू कसे दिले? तर, लोकांनी संमती दिली होती! प्रोग्रॅम बसवताना एक लांबलचक करारनामा पडद्यावर येतो. त्याच्याखाली 'मान्य आहे' असे बटण असते. ते दाबले की सही झाली. हा करारनामा कोण वाचतो, याची 'पीसी पिटस्टॉप' या अमेरिकन कंपनीने एकदा गंमतच केली. आपल्या करारनाम्यात तिने एक ओळ घातली, की जो या पत्त्यावर लिहील त्याला बक्षीस मिळेल. चार महिने गेले, तीन हजारांहून अधिक लोकांनी प्रोग्रॅम उतरवून घेतला, तेव्हा कुठे एका माणसाचे पत्र आले. त्याला एक हजार डॉलर मिळाले. बाकीच्यांनी न वाचताच 'मान्य' म्हटले होते.

आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही बरं का! सावकाराने लिहिलेल्या खतावर कुणब्याने न वाचता अंगठा उठवायचा, आणि त्यापायी जमीन गमवायची, हे दक्षिणेत वर्षानुवर्षे चालले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक उठले. त्यांनी सावकारांची खतपत्रेच जाळली. पाठोपाठ १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. खत सरकारी निबंधकासमोर व्हावे, त्यातला मजकूर शेतकऱ्याला समजला आहे याची खात्री करून घ्यावी, असा त्यातला दंडक. न समजता दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते.

संगणकाच्या बाबतीत अमेरिकेला तेथवर यायला पुष्कळ वेळ लागला. २००६ मध्ये 'झँगो' या ॲडवेअर कंपनीने तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड केली, तीस लाख डॉलर भरले, आणि यापुढे ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय काही बसवणार नाही, असे कबूल केले. भाषा वेगळी, तत्त्व १८७९ चेच!

तथापि नुसत्या वाचण्याने भागते असेही नाही. २००५ साली 'सोनी बीएमजी' या कंपनीच्या गाण्यांच्या काही चकत्या संगणकात घातल्या, की एक प्रोग्रॅम आत बसे आणि स्वतःला दडवून ठेवी. करारनामा होता, पण हे दडणे त्यात नव्हते. मार्क रसिनोविच या जाणकाराने ऑक्टोबरच्या अखेरीस ते उघडकीस आणले, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीला चकत्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. म्हणून वाचनाला राखणीची जोड हवी.

ती राखण कठीण नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्यावा, वाटेतल्या दुकानातून नव्हे. बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करीत धावू नये. 'कस्टम' हा पर्याय निवडून नको त्या चौकोनातली खूण काढावी. विंडोजमध्ये 'डिफेंडर' हा राखणदार आता मुळातच असतो. तो बंद करू नये, आणि अपडेट टाळू नयेत. ब्राउझरला ओळख नसलेली जोडणी चिकटलेली दिसली तर काढून टाकावी. रोजच्या कामाला, विशेषतः मुलांना, सर्वाधिकार नसलेले खाते द्यावे. आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरावर फोन करा' असे पडद्यावर ओरडून सांगणारा बहुधा स्वतःच चोर असतो, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात, मालकाच्या परवानगीवाचून संगणकात घातक प्रोग्रॅम घालणाऱ्याकडून भरपाई मागता येते. २०१७ साली केंद्र सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' उघडले. संगणक साफ करण्याची साधने तेथे फुकट मिळतात. पैसेच गेले, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती. शाळेच्या संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवाल, तेव्हा मुलांना भोवती बसवा आणि करारनाम्यातल्या चार ओळी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. हा प्रोग्रॅम फुकट आहे, मग याचे पैसे कोण देतो, असे त्यांना विचारा. पणज्याला न वाचता अंगठा उठवावा लागला, कारण त्याला अक्षर येत नव्हते. पणतूला अक्षर येते. त्याला घाई तेवढी नको!