'तृतीय रत्न' ते सिंहभूम : प्रसूतिरक्षणातील कथा व लोकमंच यांचा विचार

प्रसूतीचा इतिहास आपल्याकडे बहुधा वैद्यकाच्या इतिहासाचे एक पोटप्रकरण म्हणून लिहिला जातो. त्यात शस्त्रे येतात, औषधे येतात, रुग्णालयांच्या स्थापनेची साले येतात. परंतु बाळंतिणीच्या खोलीत काय करावयाचे, कोणाला बोलवावयाचे, नाळ कशाने कापावयाची, बाळाला केव्हा न्हाऊ घालावयाचे ह्या गोष्टी शतकानुशतके शास्त्राने ठरविल्या नाहीत. त्या ऐकीव कथांनी ठरविल्या. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळी लेख लिहून जाते, ही समजूत म्हणजे नवजात अर्भकाच्या पहिल्या आठवड्यातील मृत्यूची समाजाने सांगितलेली एक कथाच होय. तेव्हा ज्यांनी ह्या क्षेत्रात सुधारणा करू म्हटले, त्यांच्यापैकी काहींनी कथेला कथेनेच उत्तर द्यावयाचे ठरविले, ह्यात नवल नाही. त्या प्रयत्नांची परंपरा कोठून कोठवर जाते आणि तिच्यातून हाती काय लागते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर आरंभ जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' ह्या नाटकापासून करणे प्राप्त आहे. १८५५ साली ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले व तेथे स्वीकारले गेले नाही. छापून वाचकांसमोर यावयास १९७९ साल उजाडावे लागले. ह्या नाटकाची चर्चा बहुधा शिक्षण व जातिव्यवस्था यांच्या संदर्भात होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा प्रारंभ एका गरोदर कुणबी स्त्रीपासून होतो, इकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. जोशीबुवा तिच्या दारी येतात, पोटातील गर्भाला ग्रहांची पीडा असल्याचे सांगून तिला भिवडवितात, आणि त्या भयाच्या बळावर त्या कुटुंबाकडून दानदक्षिणा व भोजनखर्च काढतात. जी गोष्ट बाळंतपणाच्या तयारीसाठी राखावयाची, ती शांतीत खर्च होते. फुल्यांनी येथे गर्भिणीचे भय हाच शोषणाचा दरवाजा म्हणून दाखविला आहे. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते.

रचनेच्या दृष्टीने ह्या नाटकातील विदूषक आमच्या विषयाला अधिक उपयोगी आहे. प्रसंगाप्रसंगांमध्ये तो येतो, घडले त्यावर बोट ठेवतो, प्रेक्षकाला गप्प बसू देत नाही. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी दुसऱ्याच प्रदेशात जे काम एका गावची बाई बैठकीत करू लागली, त्याचे बीज ह्या विदूषकात दिसते. भेद इतकाच की विदूषकाच्या प्रश्नाचे उत्तर नाटककाराने आधीच ठरविलेले आहे. ह्या भेदाकडे पुन्हा यावे लागेल.

फुल्यांचा विचार केवळ रंगमंचापुरता नव्हता हेही नोंदविले पाहिजे. १८६३ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने गुप्तपणे यावे व सुखरूप बाळंत व्हावे अशी ती सोय होती. नाटकातील खलपात्र जोशी आहे, सुईण नव्हे, ही बाबही सहज घडलेली नाही असे आम्हांस वाटते. कारण पुढच्या पिढीत दृष्टी पालटली. १८८५ साली स्थापन झालेल्या डफरिन फंडाच्या काळापासून सरकारी व मिशनरी लिखाणात प्रसूतिमृत्यूचे खापर प्राधान्याने सुईणीवर फुटू लागले. तिचे अज्ञान, तिची अस्वच्छ बोटे, तिचा विळा. आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. पण घरातील दारिद्र्य, कोवळ्या वयातील लग्न, सासरचे निर्बंध, दूरचा रस्ता हे सारे त्या एका पात्राआड झाकले गेले.

स्वातंत्र्यानंतर लोककलांचा उपयोग शासनाने हाती घेतला. १९५४ साली केंद्र सरकारचा गीत व नाटक विभाग निघाला. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच्या दोन वर्षे आधीचा. कलापथके, पोवाडे, वगनाट्ये ह्यांतून आरोग्याचे संदेश गावोगाव जाऊ लागले. ह्या प्रकाराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्यात शहाणा पात्र आरंभापासून शहाणा असतो आणि अडाणी पात्र शेवटच्या प्रवेशात शहाणे होते. प्रेक्षक हसतात, टाळ्या देतात व घरी जातात. ह्याहून निराळी वाट स्त्री मुक्ती संघटनेने धरली. ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली रंगमंचावर आले व शेकडो गावी पोहोचले. त्यात उपदेशाइतकाच जाब होता, आणि जाब विचारणाऱ्या स्त्रियाच होत्या. तथापि तेथेही कथा सांगणारा पक्ष एका बाजूस व ऐकणारा दुसऱ्या बाजूस, ही मांडणी कायम होती.

ती मांडणी मोडण्याचा विचार लॅटिन अमेरिकेतून आला. पाउलो फ्रेरे यांचे शिक्षणविषयक लेखन १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि आउगुस्तो बोआल यांचे पीडितांच्या रंगभूमीवरील पुस्तक १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. बोआल यांच्या प्रयोगात प्रेक्षकाने उठून नाटक थांबवावे आणि पात्राची जागा घेऊन दुसरा मार्ग करून दाखवावा, अशी मुभा होती. प्रसूतिरक्षणात ह्याच जातीचा प्रयोग प्रथम नावारूपास आला तो बोलिव्हियाच्या इन्किसिव्ही प्रांतात. तेथे १९९० ते १९९३ ह्या काळात पन्नास वस्त्यांतील स्त्रियांनी एकत्र बसून आपल्या प्रसूतींतील अडचणींचे स्वतःच निदान केले. प्रकल्पाचे नाव 'वार्मी'. आयमारा व केचुआ भाषांत त्याचा अर्थ स्त्री. मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातील मृत्यू मिळून दर हजार जन्मांमागे ११७ असलेले प्रमाण सुमारे ४४ वर आले. परंतु हा केवळ आधीचा व नंतरचा हिशेब होता. तुलनेसाठी दुसरा प्रदेश नव्हता, आणि ज्या काळात रस्ते, धान्य व दवाखाने सारेच बदलत असतात त्या काळातील घट एका बैठकीच्या नावे जमा करणे धाडसाचे होय.

ती उणीव नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात भरून निघाली. धर्म मानंधर व अँथनी कॉस्टेलो यांच्या नेतृत्वाखालील पथकाने ग्रामविकास समित्यांच्या बारा जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतील कोणत्या भागात स्त्रियांचे गट चालवावयाचे हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. दवाखान्यांची सुधारणा मात्र दोन्ही बाजूंना सारखीच केली गेली. गट चालविणारी बाई त्याच भागातील, साक्षर, परंतु वैद्यकीय शिक्षण नसलेली होती. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गटांच्या भागात नवजात मृत्यू दर हजारी २६.२, तुलनेच्या भागात ३६.९. बाळंतपणात दगावलेल्या माता एकीकडे दोन, दुसरीकडे अकरा. हे आकडे इतके लहान आहेत की त्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. त्या स्त्रियांनी काय केले ते अधिक बोलके आहे. त्यांनी बाळंतपणासाठी वर्गणीचा निधी उभारला, डोंगरातून बाई खाली न्यावयास डोल्यांची व्यवस्था केली, स्वच्छ प्रसूतीचे संच स्वतः तयार करून वाटले, गरोदर बायकांच्या घरी गेल्या, आणि स्थानिकच बनविलेला एक चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडविल्या.

आता सिंहभूम. डॉ. प्रशांत त्रिपाठी व डॉ. निर्मला नायर यांनी २००२ साली चक्रधरपूर येथे 'एकजुट' ही संस्था काढली. २००५ ते २००८ ह्या तीन वर्षांत झारखंडातील पश्चिम सिंहभूम व सराईकेला-खरसावाँ आणि ओडिशातील केओंझर अशा तीन जिल्ह्यांतील ३६ समूहांत, २,२८,००० हून अधिक लोकवस्तीत, त्यांनी प्रयोग केला. वस्ती बहुतांशी आदिवासी : हो, संथाळ, मुंडा, उराँव, जुआंग, भुयाँ. वाचता न येणाऱ्या स्त्रिया बहुसंख्य. म्हणून पुस्तकावर भिस्त ठेवून चालणार नव्हते. वीस बैठकांच्या मालिकेत चित्रांची पाने, खेळ, सोंगे व कथा हीच साधने होती. प्रथम अडचणी ओळखावयाच्या, मग खडे टाकून त्यांतील महत्त्वाच्या निवडावयाच्या, पुढे उपाय ठरवावयाचे, सगळ्या गावाची सभा बोलावून ते पुरुषांसमोर व वडीलधाऱ्यांसमोर मांडावयाचे, करावयाचे, आणि अखेरीस झाले किती ते पाहावयाचे.

ह्यातील कथेचे तंत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. कथा एका कल्पित बाईची असते. ती गरोदर राहते, तिला कळा लागतात, बाळ जन्मते व दगावते. कथा तेथे थांबते, आणि 'पण असे का झाले?' हा खेळ सुरू होतो. बाळ का गेले? त्याला ताप आला. ताप का आला? नाळ चिघळली. का चिघळली? हात धुतले नव्हते, दोरा उकळलेला नव्हता. का नव्हता? तयारीच केली नव्हती. का? पैसे नवऱ्याच्या हाती, आणि आधीपासून तयारी करणे अशुभ. अशा प्रत्येक 'का' बरोबर उत्तर शरीरातून घरात, घरातून गावात जाते. डफरिन फंडाच्या काळातील कथा पहिल्या-दुसऱ्या 'का' पाशी थांबली होती व तिला सुईण सापडली होती. शिवाय मेलेले बाळ कल्पित असल्यामुळे ज्या बाईचे खरेच गेले आहे, तिला आपले नाव न घेता बोलता येते. तिच्यावर दोष येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या पद्धतीचे खरे बळ येथे आहे.

फलित २०१० साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांचा विचार करता गटांच्या भागात नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते. शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी. तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम तीव्रतेचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ते कोणत्याही औषधाने झालेले नव्हते. विशेष असे की रुग्णालयात जाण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नव्हते. बदल घरातल्या घरात झाला : साबणाने हात धुणे, स्वच्छ संच, उकळलेला दोरा. म्हणजे ज्या सुईणीला एके काळी खलनायिका ठरविले, तिच्याच हातून, पण बदललेल्या हातून, ही मुले वाचली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात ग्रामीण आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी नवजातांवर उपचार करून मृत्यू निम्म्याहून कमी केले होते. त्या कामाशी ह्याची तुलना नेहमी होते. परंतु गडचिरोलीत कौशल्य व औषध गावात नेले गेले. सिंहभूमात प्रश्न नेला गेला. दोहोंना एकच नाव देणे इतिहासदृष्ट्या योग्य नव्हे.

येथपर्यंतची हकीकत वाचून ही पद्धत कोठेही रुजेल असे कोणास वाटेल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'स्नेहा' ह्या संस्थेने २००६ ते २००९ मध्ये ४८ वस्त्यांत तसाच प्रयोग केला; त्यांतील २४ वस्त्यांत गट चालले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंच्या बाबतीत इष्ट परिणाम दिसला नाही. बांगलादेशातील पहिल्या प्रयोगातही तसेच झाले. कारणे शोधणे अवघड नाही. मुंबईत बहुसंख्य प्रसूती आधीच रुग्णालयांत होत होत्या. तेथे बाळाचे जगणे-मरणे गटातील बायकांच्या हाती नव्हते, ते वॉर्डातील व्यवस्थेच्या हाती होते, आणि वॉर्डाला 'पण असे का झाले?' असे विचारण्याची सोय त्या कथेत नव्हती. दुसरे कारण संख्येचे. २०१३ साली सात प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा असे दिसले की जेथे गरोदर स्त्रियांपैकी निदान ३० टक्के गटात आल्या तेथे नवजात मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. जेथे त्याहून कमी आल्या तेथे परिणाम जाणवला नाही. चाळीतली अथवा झोपडपट्टीतली बाई दुपारी घरकाम, मजुरी व पाण्याची रांग यांतून बैठकीला येणार किती, हा प्रश्न रंगभूमीचा नसून दिवसाच्या हिशेबाचा आहे.

२०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण भागांसाठी ह्या पद्धतीची शिफारस केली. पुढे झारखंड-ओडिशातील पाच जिल्ह्यांत संस्थेच्या कार्यकर्त्यांऐवजी सरकारच्या 'आशा' स्वयंसेविकांनी गट चालविले; २०१६ च्या अहवालाप्रमाणे तेथेही नवजात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. परंतु 'आशा' ही स्वतःच रुग्णालयाकडे पाठविलेल्या प्रसूतीमागे मोबदला घेणारी आहे. कथेच्या शेवटी तिला कोणते उत्तर अपेक्षित असणार, हे बैठकीतील प्रत्येकीला ठाऊक असते. विदूषक पुन्हा नाटककाराच्या नोकरीत जाण्याचा संभव येथे आहे. त्याचा तपास आकड्यांवरून होणार नाही.

आणि येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण सुरू होते. ह्या सर्व प्रयोगांच्या शोधनिबंधांत कोष्टके आहेत, प्रमाणे आहेत, अंदाजांच्या मर्यादा आहेत. सांगितलेल्या कथा मात्र नाहीत. हो किंवा मुंडारी बोलीत त्या बाईचे नाव काय होते, कोणत्या 'का' पाशी बैठक अडली, कोण उठून गेली, गावसभेपुढे सोंग आणताना सासूचे काम कोणी केले, हे कोठेही छापलेले नाही. 'तृतीय रत्न' निदान हस्तलिखितात सव्वाशे वर्षे टिकले. सिंहभूमच्या बैठकांतील पहिल्या फेरीच्या स्त्रिया आज आज्या झाल्या आहेत. त्यांची सांगी टिपावयाची असल्यास ते काम अजून करता येण्याजोगे आहे.