सोहोनी, कमला

(१९११–१९९८). भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ व आहारशास्त्रातील अग्रणी संशोधक. केंब्रिज विद्यापीठाची विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. जन्म इंदूरचा. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी थेट सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा वर्षभराच्या परिवीक्षेच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेची दारे मुलींना उघडली.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे पेशींच्या श्वसनातील प्रथिन असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये मिळालेल्या पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता. परदेशात न थांबता त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा इथे काम करून विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या.

गरिबाच्या ताटातले अन्न हाच त्यांचा विषय राहिला. पावटा व डबल बी यांतून त्यांनी सहकाऱ्यांसह ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केले. १९५५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या दाण्यातले हे रोधक त्याला अडवतात, म्हणून प्रथिने असूनही अंगी लागत नाहीत. दाणे नीट शिजले की रोधकांचा जोर बहुतांशी ओसरतो. सोयाबीनमध्येही असेच रोधक असतात. त्याची पेंड कोंबड्यांना घालण्याआधी तापवावी लागते ती यासाठीच.

डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती यांच्या आहारात नीरा उपयुक्त ठरते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. अन्नातील भेसळीविरुद्ध लढणाऱ्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या संस्थापक-सदस्य होत्या. ‘आहार-गाथा’ हे त्यांचे मराठी पुस्तक.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या व थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.