खंडी, मैल आणि हेन्री : मापांच्या नावांमागचा इतिहास



आसेगावच्या शिवारात कापूस पिकतो. शेतकरी तो क्विंटलने विकतो. पण रुईच्या घाऊक बाजारात भाव निघतो तो खंडीने. कापसाच्या व्यापारातील ही खंडी 784 पौंडांची, म्हणजे 355.62 किलोग्रॅमची. धान्याची खंडी मात्र आपल्याकडे 20 मणांची मानत. नाव एक, माप दोन! शिवाय खंडीचा भाव सरकी काढलेल्या रुईचा असतो, आणि शेतकऱ्याच्या गाडीत असतो सरकीसह कापूस. समजा, रुईचा भाव खंडीला 60,000 रुपये आहे. त्याला 3.5562 ने भागले की क्विंटलचा भाव सुमारे 16,872 रुपये येतो, पण तोही रुईचाच. हा फरक ज्याला कळत नाही, त्याला आपल्या मालाचे मोल दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.

मापाच्या नावाने मोठमोठ्यांनाही चकविले आहे. नवव्या शतकात बगदादच्या खलिफा मामूनच्या आश्रयाने विद्वानांनी पृथ्वीचे मापन केले. अल्-फरगानी या ज्योतिर्विदाने आपल्या ग्रंथात एका अंशाचे अंतर 56⅔ मैल दिले. हे मैल अरबी होते. पुढे कोलंबसने तोच आकडा घेतला, पण मैल धरला तो आखूड रोमन मैल. त्यामुळे त्याच्या हिशेबात पृथ्वी सुमारे पावपट लहान झाली आणि 1492 मध्ये तो आशिया जवळच आहे अशा समजुतीने निघाला. आकडा बरोबर होता, एकक चुकले.

आता विजेकडे वळू. तारेच्या वेटोळ्यातून जाणारा विद्युत् प्रवाह बदलू लागला की वेटोळे त्या बदलाला विरोध करते. भरलेली बैलगाडी हलवायला जड आणि थांबवायलाही जड, तसेच हे. या गुणाला प्रवर्तकता किंवा इंडक्टन्स म्हणतात. प्रवाह सेकंदाला 1 अँपिअर या वेगाने बदलत असता 1 व्होल्टचा विरोध उत्पन्न झाला, तर त्या वेटोळ्याची प्रवर्तकता 1 हेन्री होय.

हे नाव जोसेफ हेन्री (1797–1878) या अमेरिकन शास्त्रज्ञाचे. घरची गरिबी, लहानपणी त्याने घड्याळजीकडे उमेदवारी केली. पुढे ऑल्बनी येथे शिक्षक असताना त्याने प्रयोग केले आणि 1832 मध्ये स्वप्रवर्तनाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये 1831 मध्ये विद्युत् प्रवर्तनाचा शोध लावणारा मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. तो पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवार होता. आज एकाचे नाव हेन्रीत आणि दुसऱ्याचे फॅरडमध्ये टिकून आहे.

पण हेन्री हे नाव पडण्यापूर्वी काय होते? सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदाच्या विद्युत्-चुंबकीय पद्धतीत प्रवर्तकता चक्क लांबीच्या एककात येते. म्हणून ती सेंटिमीटरमध्ये सांगत. व्यवहाराला हे एकक फारच लहान पडे. व्यवहारातील एकक त्याच्या 100 कोटी पट होते, आणि 100 कोटी सेंटिमीटर म्हणजे 10,000 किलोमीटर, जवळजवळ ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर. हा पृथ्वीच्या परिघाचा चतुर्थांश, म्हणून त्या एककाला ‘क्वाड्रंट’ म्हणू लागले. एअर्टन आणि पेरी या अभियंत्यांनी सेकंद व ओहम जोडून ‘सेकोहम’ हे नाव वापरले. अखेर 1893 मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत ‘हेन्री’ हे नाव ठरले. तेव्हा हेन्रीला जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

जुन्या सेंटिमीटरला पुढे ‘अ‍ॅबहेन्री’ असे नाव मिळाले. 1 हेन्री म्हणजे 100 कोटी अ‍ॅबहेन्री. दुसऱ्या, स्थिर-विद्युत् पद्धतीतील ‘स्टॅटहेन्री’ मात्र अवाढव्य : 1 स्टॅटहेन्री म्हणजे सुमारे 90 हजार कोटी हेन्री.

समजा, जुन्या जर्मन रेडिओच्या वेटोळ्यावर 2,00,000 सेंटिमीटर असे लिहिले आहे. ती तारेची लांबी समजू नका! 2,00,000 ला 100 कोटींनी भागा : 0.0002 हेन्री, म्हणजे 200 मायक्रोहेन्री. मध्यम लहरींच्या रेडिओला साजेसेच हे माप आहे.

आणखी एक बारकावा. 1948 पूर्वीचा ‘आंतरराष्ट्रीय हेन्री’ पारा व चांदी यांच्या प्रमाणांवर आधारलेला होता. 1 जानेवारी 1948 पासून नवी एकके लागू झाली, तेव्हा जुना हेन्री नव्या 1.00049 हेन्रीइतका ठरला. लाखात 49 चा फरक! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला तो जाणवणार नाही, पण प्रयोगशाळेत तो सोडता येत नाही. नाव तेच राहिले, माप बदलले, आपल्या खंडीसारखेच.

आपल्या घरांनीही असा बदल पाहिला आहे. 1 एप्रिल 1957 रोजी 16 आण्यांच्या, 64 पैशांच्या रुपयाचे 100 नवे पैसे झाले. 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजने आली आणि शेराचे 933.10 ग्रॅम झाले. त्या दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुलाकडेच आजी-आजोबा हिशेब नेत असत.

विद्यार्थी मित्रहो, रूपांतर करताना तीन प्रश्न विचारा : एकक कोणते? ते कोणत्या पद्धतीतले आणि कोणत्या काळातले? नवे एकक जुन्यापेक्षा मोठे की लहान? एकक मोठे झाले तर आकडा लहान व्हायलाच हवा. तसा झाला नाही, तर गुणाकार-भागाकाराची उलटापालट झाली आहे असे समजा.

आणि पालकहो, आज संध्याकाळी आपल्या मुलाला किंवा मुलीला खंडीचा भाव क्विंटलमध्ये काढायला सांगा. जे मूल घरचा हिशेब एकक पाहून करते, त्याला उद्या हेन्रीचे गणित अवघड जाणार नाही. आणि बाजारात त्याच्या वडिलांना कोणी सहजासहजी फसवणार नाही.