ईद फिरते, मे महिना जागेवर राहतो

कोकणातल्या मुसलमान घरांत सगळे नातेवाईक एकत्र कधी जमतात? बाहेरच्या माणसाला उत्तर सोपे वाटते: ईदला. पण रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत जुन्या माणसांना विचारले तर बहुतेक वेळा उत्तर येते, 'मे महिन्यात.' सण आपला, श्रद्धा आपली, मग घर भरण्याचा महिना इंग्रजी कॅलेंडरमधला का? याचे उत्तर चंद्र, पाऊस आणि बोट या तिघांच्या इतिहासात आहे.

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. हिंदू पंचांगात अधिक महिना घालून हा फरक भरून काढतात, म्हणून गणपती भाद्रपदात, पावसाच्या उत्तरार्धातच येतात आणि होळी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. शेजारच्या वाडीतल्या चाकरमान्याला आपली रजा कोणत्या दिवसांत लागणार हे ठाऊक असे. मोहल्ल्यातल्या चाकरमान्याची ईद कधी थंडीत, कधी कडक उन्हात, तर कधी मुसळधार पावसात येई.

पावसातली ईद म्हणजे वाट बंद. मुंबईहून कोकणात जाण्याचा मुख्य रस्ता कित्येक दशके समुद्राचा होता. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. अनेक ठिकाणी बोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यातच बोटीतून पडावात उतरायचे, ट्रंका, वळकट्या आणि लहान मुले हातोहात खाली द्यायची आणि मग किनारा गाठायचा. मे महिना संपता संपता ही बोट बंद होई, ती पाऊस ओसरल्यावर सुरू होई. घाटातून एस.टी. होती, पण मोठ्या कुटुंबाने लहानमोठ्यांसह त्या रस्त्याने पावसात निघणे सोपे नव्हते.

पावसाळ्यात समुद्रावरून घर गाठणे किती महाग पडू शकते, हे १७ जुलै १९४७ रोजी दिसले. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आषाढी अमावास्येच्या निमित्ताने कितीतरी जण गावी निघाले होते. रमजानचा महिनाही अवघ्या काही दिवसांवर होता. त्या वर्षीची ईद १८ ऑगस्टला झाली, स्वातंत्र्याला तीन दिवस झाले असताना. सगळा देश नव्या दिवसाच्या आनंदात आणि फाळणीच्या दुःखात होता, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतले सुतक त्याहून वेगळे होते.

अशा वाटेवर चालणाऱ्या समाजाने मार्ग काढला. ईदची नमाज जिथे नोकरी तिथे पढायची आणि कुटुंब जमवायचे ते मे महिन्यात. शाळांना सुट्टी, बोट चालू, आंबे-फणस तयार, घरे शाकारायचे दिवसही तेच. म्हणून निकाह मे महिन्यात ठरू लागले. लग्न एकाचे असले तरी त्या मांडवात बाकीचा सगळा कारभार उरकत असे. जमिनीच्या वाटणीचे बोलणे, दोन भावांतला अबोला मिटवणे, पुढच्या सोयरिकीची चाचपणी, घरदुरुस्तीची वर्गणी, सगळे तिथेच. तीस-चाळीस माणसांच्या तांदळाच्या भाकरी थापणाऱ्या, सांदणे उकडणाऱ्या आणि कोण कुठे झोपेल याचा हिशेब ठेवणाऱ्या दादी, फुफी, चाची नसत्या, तर या कारभारातले काहीच झाले नसते. कुटुंब जमवणे हे काम आहे, आणि ते काम मुख्यतः बायकांनी केले, हे इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

ज्यांच्या घरचे पुरुष आगबोटींवर खलाशी होते त्यांचा मे महिनाही हातचा नव्हता. खलाशाची सुट्टी जहाजाच्या सफरीवर ठरे. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत कामे निघाली आणि कुवेत, सौदी, दुबईकडे माणसे गेली. अनेकांच्या करारात दोन वर्षांतून एकदा रजा असे. तीही शक्य तो मे महिन्यालाच मिळावी म्हणून खटपट चाले, कारण गावी सगळे तेव्हाच भेटत. ज्याला जमले नाही त्याच्यासाठी कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवले जात.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. योगायोग असा की त्याच आठवड्यात रमजान ईद होती. प्रवासी बोटी त्याआधीच मागे पडल्या होत्या. आता पावसाळ्यातही रात्रीत गाव गाठता येऊ लागले. वाटेची अडचण संपली. पण गंमत पाहा, वाट सोपी झाली तरी घरे भरली नाहीत. शिक्षण, नोकरी, परदेश यांनी माणसे अधिक लांब नेली, आणि पूर्वी 'बोट नाही' हे जे खरे कारण होते त्याच्या जागी 'सुट्टी नाही' हे कारण आले.

चंद्राने मध्ये एकदा संधी दिली होती. ३३ वर्षांच्या फेऱ्यात रमजान ईद पुन्हा मे महिन्यात आली ती २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये. पहिल्या दोन ईदा टाळेबंदीत आणि साथीत गेल्या. लोकांनी घरातच नमाज पढली आणि मोबाइलच्या पडद्यावर एकमेकांना 'मुबारक' म्हटले. ज्या बुजुर्गांनी आधीची मे महिन्यातली ईद १९८७ ते १९८९ दरम्यान पाहिली होती, त्यांतले कितीतरी जण त्या दोन वर्षांत आपल्यातून गेले.

आता पाळी बकरी ईदची आहे. २०२६, २०२७ आणि २०२८ या तिन्ही वर्षी ती मे महिन्यात येते. चंद्र दिसण्यावर एखादा दिवस इकडेतिकडे. याआधी असे १९९४ आणि १९९५ मध्ये झाले होते, तेव्हा रेल्वे पूर्ण झाली नव्हती. यानंतर हा योग यायला साधारण तीस वर्षे लागतील. कुर्बानीचे तीन दिवस, शाळेची सुट्टी, आंब्याचा मोसम आणि रात्रीची गाडी, हे चारही एकत्र आपल्या आजोबांना कधी मिळाले नव्हते.

नाते जोडून ठेवणे, ज्याला आपण सिला-ए-रहमी म्हणतो, त्यात समोरच्याने बोलावण्याची वाट पाहायची नसते. तुटलेल्याला आपण जोडायचे असते. गावचे घर पाच-सहा भावंडांच्या नावावर, किल्ली कोणा एकाकडे, आणि गेल्या दहा वर्षांत सगळे एका दस्तरखानावर बसलेले नाहीत, असे चित्र आज किती घरांत आहे हे ज्याचे त्याने पाहावे. ज्यांना जमवायचे आहे त्यांनी गाडीचे आरक्षण सुरू होण्याआधी फोन करावा. घरी येणाऱ्यांनी भाकरी थापण्याचे काम या वेळी वाटून घ्यावे. आणि ज्या काकांशी वाटणीवरून बोलणे बंद आहे, त्यांना पहिला फोन करावा.