पाम्प्लमूस उद्यान (मॉरिशस)

मॉरिशसच्या उत्तर भागातील पाम्प्लमूस जिल्ह्यातले ऐतिहासिक वनस्पतिउद्यान व त्याला लागून असलेले फ्रेंच काळातील गाव. राजधानी पोर्ट लुईपासून ईशान्येस सुमारे ११ किमी. उद्यानाचे क्षेत्र सु. ३७ हेक्टर, वनस्पतींच्या सु. ६५० जाती, त्यांपैकी ताडवर्गातील सु. ८५. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १७९ चौ. किमी.; लोकसंख्या १ लाख ३० हजारांवर (२०११). उद्यानाचे अधिकृत नाव १९८८ पासून ‘सर शिवसागर रामगुलाम वनस्पतिउद्यान’ असे असले, तरी लोकांच्या तोंडी गावाचेच नाव आहे. पाम्प्लमूस म्हणजे पपनस. कोकणातल्या परसात दिसणारे हे जाड सालीचे फळ मूळचे आग्नेय आशियातले; मॉरिशसवर ते माणसाने आणले. गावाचे नावच असे बाहेरून आलेल्या झाडावरून पडले आहे, आणि या स्थळाचा खरा इतिहास ओळखण्याची पहिली खूण तीच आहे. प्रवासवर्णनांतून व मार्गदर्शिकांतून पाम्प्लमूसचे वर्णन जुन्या इस्टेटीचे अवशेष, वाडा, समाधी आणि चरक यांच्या आधारे केलेले आढळते. प्रस्तुत नोंदीत वेगळा क्रम धरला आहे. येथील वास्तूंचा पुरावा कच्चा आहे. पक्का पुरावा रोपांच्या प्रवासाचा आणि ती रोपे जगवणाऱ्या हातांचा आहे.

वास्तूंपासूनच सुरुवात करणे योग्य. उद्यानातला ‘मों प्लेझीर’ हा वाडा पुष्कळ जण गव्हर्नर माए द ला बूर्दोने याचे निवासस्थान समजतात. ला बूर्दोने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर म्हणून १७३५ मध्ये बेटावर आला (१७४६ मध्ये मद्रास जिंकणारा तो हाच), त्याने येथील जमीन घेतली आणि मों प्लेझीर हे नावही त्या इस्टेटीचेच. मात्र आज दिसणारी इमारत १९व्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश अमदानीत उभी राहिली. उसाचा जुना चरक म्हणून जे दाखवले जाते, ती २०व्या शतकात बांधलेली प्रतिकृती आहे. ‘पॉल आणि व्हर्जिनी यांची समाधी’ म्हणून ओळखला जाणारा चौथरा तर दोन काल्पनिक पात्रांचा आहे. बेर्नार्दां द सें-प्येर याच्या १७८८ च्या कादंबरीतली ही प्रेमी जोडी याच परगण्यातली दाखवली आहे. तीत आलेले ‘सें-झेरां’ या जहाजाचे फुटणे मात्र खरे, १७४४ सालचे. त्या अपघातातल्या बुडालेल्यांसाठी वाहायची फुले कादंबरीतल्या नायिकेला मिळत आली. लोखंडी प्रवेशद्वाराने १८६२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात बक्षीस मिळवले, असे जवळजवळ प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते. क्रिस्टल पॅलेस १८५४ पूर्वीच हाइड पार्कातून उचलून सिडनमला नेला होता आणि १८६२ चे प्रदर्शन साउथ केन्सिंग्टनमध्ये स्वतंत्र इमारतीत भरले होते. एकाने लिहिलेले दुसऱ्याने उतरून घेतले की अशी चूक शंभर वर्षे टिकते. गावातले सेंट फ्रान्सिसचे चर्च (१७५६) तेवढे सांगितले जाते तितकेच जुने आहे, आणि ते उद्यानाच्या कुंपणाबाहेर आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की १९व्या शतकातला वाडाही इतिहासच आहे. दीडशे वर्षांची इमारत नकली कशी? आक्षेप रास्त आहे. वाडा नकली नाही, त्याला जोडलेली तारीख चुकीची आहे. त्या व्हरांड्यात ब्रिटिश वसाहतीच्या काळाचा हिशेब वाचावा, फ्रेंच गव्हर्नरचा नव्हे. कादंबरीतल्या समाधीलाही वाङ्मयाच्या इतिहासात स्थान आहे, कारण एका पुस्तकाने बेटाचे चित्र युरोपच्या मनात किती खोल रुजवले ते तीवरून कळते. पण इस्टेटीचे मूळ अवशेष पाहायचे असतील, तर ते दगडविटांत शोधून उपयोग नाही. कंपनीच्या काळात ही जमीन भाजीपाल्याची बाग होती. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून आलेल्या खलाशांना ताजे अन्न हवे असे, आणि पोर्ट लुईत लागणाऱ्या जहाजांना व शहराला ते येथून पुरवले जाई. त्या बागेने मागे ठेवलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे पाटाचे पाणी, सुपीक माती आणि रोप तयार करण्याची सवय. पुढचे सारे त्यावर उभे राहिले.

पुढचे म्हणजे मसाल्याचे प्रकरण. या नोंदीत त्याला जागा जास्त दिली आहे, कारण पाम्प्लमूसला जगाच्या इतिहासात स्थान मिळाले ते त्यामुळे. १८व्या शतकात लवंग आणि जायफळ यांचा व्यापार डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत होता. लवंगेची लागवड अंबोन व भोवतालच्या बेटांपुरती, जायफळाची बांदा बेटांपुरती. इतरत्रची झाडे डचांनी तोडून टाकली होती. बाहेर जाणारी जायफळे रुजू नयेत म्हणून ती चुन्याच्या निवळीत बुडवून काढत. ल्योंचा प्येर प्वाव्र (जन्म १७१९) तरुणपणी मिशनरी म्हणून चीनकडे गेला होता, १७४५ मध्ये इंग्रजांशी झालेल्या समुद्रावरील चकमकीत त्याने उजवा हात गमावला आणि त्यानंतरचे आयुष्य हा मक्ता मोडण्याच्या ध्यासात घालवले. १७५० च्या दशकात त्याने आणलेली जायफळाची थोडकी रोपे मेली. ती कंपनीचा वनस्पतिज्ञ फ्युझे-ओब्ले याने मारली, असा प्वाव्रचा आरोप होता. दोघांचे हाडवैर पाहता या आरोपावर भरवसा ठेवणे कठीण. १७६७ मध्ये प्वाव्र बेटाचा इंतेंदां, म्हणजे मुलकी कारभारी, होऊन परतला; मों प्लेझीर त्याने विकत घेतले; आणि त्याने पाठवलेली जहाजे जून १७७० मध्ये व पुन्हा १७७२ मध्ये लवंग-जायफळाची रोपे व बिया घेऊन आली. ही रोपे मोलुकाच्या परिसरातील गेबेसारख्या लहान बेटांवर, डचांच्या नजरेआड, तेथील स्थानिक लोकांच्या मदतीने मिळाली होती. १७७२ मध्ये प्वाव्र फ्रान्सला परतला व बाग राजाच्या मालकीची झाली.

मोहिमेइतकीच महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची. जायफळाचे बी सुकले की रुजत नाही, लवंगेचेही तसेच. म्हणून ओलसर मातीत घातलेले बी किंवा पेटीत वाढणारे रोपच समुद्र ओलांडू शकते. त्यात जायफळाची नर व मादी झाडे वेगळी असतात आणि फुलावर येईपर्यंत, म्हणजे काही वर्षे, नर कोणते नि मादी कोणते हे ओळखता येत नाही. दहा झाडे वाढवावीत आणि त्यांतली निम्मी फळ न देणारी निघावीत, असे हे काम. बेटावर जन्मलेला झां-निकोला सेरे १७७५ पासून १८१० मध्ये मरेपर्यंत बागेचा संचालक होता. लवंगेचा आणि जायफळाचा पहिला बहर १७७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्याच देखरेखीखाली धरला. बागेच्या एका रस्त्याला सेरेचे नाव आहे आणि दुसऱ्याला प्वाव्रचे, पण कौतुकाचा वाटा प्वाव्रच्या पदरी फार मोठा पडलेला दिसतो. आणणे दोन खेपांत झाले, जगवणे पस्तीस वर्षे चालले.

आणि जगवले कोणी? सेरेने हुकूम दिले, पत्रे लिहिली, यादी ठेवली. खणणे, सावली धरणे, पाणी घालणे, वाळवी काढणे, कोवळे रोप पेटीतून मातीत उतरवणे, ही कामे गुलामांची होती. त्या काळी बेटावर गुलाम मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेले होते, तसे भारताच्या किनाऱ्यावरून आणलेलेही होते. उष्ण प्रदेशातल्या मातीची जाण युरोपहून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा त्यांच्याकडे अधिक असणार, हा तर्क ओढून ताणून केलेला नाही. यांतले कित्येक जण शेतीच्याच देशांतून आले होते. उद्यानात ल्येनार याच्या नावाने ओळखला जाणारा संगमरवरी स्तंभ आहे. बेटावर उपयोगी वनस्पती आणणाऱ्यांची नावे त्यावर कोरली आहेत. स्तंभ सुंदर आहे आणि त्यामागचा हेतू उदात्त आहे: राजे व सेनापती सोडून झाड आणणाऱ्याचे नाव दगडावर घालावे, ही कल्पना आजही दुर्मीळ आहे. परंतु ती यादी जहाजातून आणणाऱ्यांची आहे. मातीत वाढवणाऱ्यांपैकी कोणी तीत नाही. ती दुरुस्त व्हावी, निदान तिच्या शेजारी दुसरा दगड बसावा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. त्यानंतर बेटावर कष्ट आले ते भारतातून करारावर नेलेल्या मजुरांच्या अंगावर.

एक आक्षेप अर्थकारणाचा आहे. मसाल्याने मॉरिशस श्रीमंत झाले नाही. चक्रीवादळांच्या या बेटावर लवंग-जायफळ कधीच मुख्य पीक झाले नाही. ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट घेतल्यावर, आणि विशेषतः १८२५ मध्ये ब्रिटनमध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जादा जकात उठल्यावर, उसाने सगळी जमीन व्यापली. मग प्वाव्र-सेरे यांच्या खटाटोपाला महत्त्व का द्यायचे? उत्तर बेटाबाहेर आहे. येथील लवंग शेजारच्या रेयुनियों बेटावर गेली, आणि १९व्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास या बेटांवरून झांझिबारला पोचली. ओमानी सुलतानाच्या अमलाखाली तेथे लवंगेच्या बागाच बागा झाल्या, त्याही गुलामांच्याच श्रमावर. झांझिबारची लवंग कच्छी व्यापाऱ्यांच्या हातून मुंबई बंदरात उतरू लागली आणि महाराष्ट्रातल्या गोड्या मसाल्यात व विड्यात पडू लागली. मॉरिशसमध्ये रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आज राहतात. मात्र त्यांची जुनी वस्ती बरीचशी बेटाच्या पश्चिम व मध्य भागांत, आणि या बागेशी त्यांचे नाते ओढून जोडण्यात अर्थ नाही. लवंगेचे नाते त्यापेक्षा पक्के आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. वास्तू मूळच्या नाहीत म्हणून त्यांना बाजूला सारायचे, तर झाडे तरी कुठे मूळची आहेत? सेरेनंतर बाग कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिली. १८४९ मध्ये जेम्स डंकन संचालक म्हणून आला तेव्हा तिचा कायापालट सुरू झाला; आज डोळ्यांत भरणाऱ्या ताडांच्या रांगांचे श्रेय बरेचसे त्याच्या काळाला जाते. १८६०च्या दशकात हिवतापाची भयंकर साथ आली आणि दलदल आटवण्यासाठी लावायची निलगिरीची रोपे येथे तयार होऊ लागली. २९ एप्रिल १८९२ चे आणि फेब्रुवारी १९६० चे (‘कॅरोल’) अशी वादळे बेटावरून गेली. १९१३ मध्ये बाग शेती खात्याकडे आली. तेव्हा प्वाव्रच्या हातचे झाड शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. पण झाडाचा वारसा इमारतीच्या वारशासारखा नसतो. पाडलेला वाडा पुन्हा बांधला तर ती प्रतिकृती होते. मेलेल्या झाडाच्या बियांतून उगवलेले झाड त्याच वंशाचे असते. श्रीताडाकडे पाहिले की हे लक्षात येते. पंख्यासारख्या प्रचंड पानांचा हा ताड (दक्षिण भारतात व श्रीलंकेत याच पानांवर पोथ्या लिहीत) तीस ते ऐंशी वर्षे नुसता वाढतो, मग शेंड्यावर एकदाच फुलोऱ्याचा डोंगर उभा करतो, फळे पिकवतो आणि मरतो. मूळ झाड टिकवता येतच नाही. टिकते ते त्याच्या पायाशी पडलेले बी आणि ते उचलणारा माळी.

पाहणाऱ्यांची सर्वाधिक गर्दी असते ती लांबट तळ्याकाठी. तेथील महाकमळ ॲमेझॉन खोऱ्यातले, १९२७ मध्ये आणलेले. म्हणजे बागेच्या वयाच्या मानाने अगदी अलीकडचे. पान परातीसारखे, मीटरभराहून रुंद, काठ उभे वळलेले. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या या पानाची खालची बाजू तांबूस, उठावदार शिरांच्या जाळीची आणि टोकदार काट्यांनी भरलेली असते. पाण्यातल्या माशांपासून पान वाचते ते या काट्यांमुळे आणि तरंगते ते शिरांतल्या हवेमुळे. फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग पाण्याखाली जाते. दुपारी येणाऱ्याला पांढरे फूल सहसा दिसत नाही, म्हणून सकाळी लवकर जावे. प्रवेशद्वाराजवळ गोरखचिंच आहे; आत अल्डाब्राच्या महाकासवांचे व हरणांचे कुंपण आहे.

मों प्लेझीरच्या समोर मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांची समाधी आहे. १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाल्यावर दहन याच बागेत झाले. इंदिरा गांधी, मित्तेराँ, मुगाबे आदी पाहुण्यांच्या हातची झाडेही येथे नावाच्या पाट्यांसह उभी आहेत. करारावर गेलेल्या एका भारतीय मजुराच्या मुलाची चिता फ्रेंच गव्हर्नरच्या जुन्या इस्टेटीत, ब्रिटिशांनी बांधलेल्या वाड्यासमोर पेटावी, यात या जमिनीचे तिन्ही काळ एकत्र आले आहेत, आणि उद्यानातल्या या एका वास्तूबाबत तारखेचा घोळ नाही.

जिल्ह्याचे मुख्य पीक दीर्घकाळ ऊस होते. वस्त्रोद्योग व पर्यटन ही उत्पन्नाची इतर साधने. उद्यानालगत बो प्लां येथील साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला आणि २००२ पासून त्याच इमारतीत साखरेच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. मूळ यंत्रे जागच्या जागी ठेवली आहेत. चरकाची प्रतिकृती पाहून झाल्यावर खरी यंत्रे तेथे पाहावीत. पोर्ट लुईहून बसची सोय आहे.