हलालखोर

‘हरामखोर’ हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. त्याचा सख्खा विरोधी शब्द मात्र आपण विसरलो. ‘हलालखोर’ म्हणजे कष्टाचे आणि हक्काचे खाणारा. झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबर बादशहाने रूढ केले, असे अबुल फजल ‘ऐने-अकबरी’त सांगतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई म्युनिसिपालिटीच्या दफ्तरातही घरोघरचा मैला वाहणारा नोकर याच नावाने ओळखला जाई. नाव सन्मानाचे होते खरे, पण वागणूक तशी नव्हती. ही माणसे अस्पृश्य मानलेल्या जातींची. घरात त्यांना पाऊल टाकता येत नसे. इमारतींमधल्या अरुंद घरगल्ल्यांतून त्यांची ये-जा चाले.

या नावाची कसोटी लागली ती १८९६ साली. सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. ते ओळखणारे डॉ. अकाशिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि कॉर्पोरेशनचे सभासद. ऑक्टोबरच्या आरंभी कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला, की रोग्याला, प्रसंगी सक्तीनेसुद्धा, इस्पितळात हलवावे. शहर खवळले. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि लगोलग तो हुकूम सैल झाला.

साहेब नमले ते केवळ जमावापुढे नव्हे. त्यांना दुसरेच एक भय होते. सक्तीला भिऊन हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर काय? नळ आटला तर विहीर आहे, दिवे विझले तर मेणबत्ती आहे. पण मैला चार दिवस जागीच राहिला, तर एवढे शहर राहण्याजोगे उरणार नव्हते. ज्यांची सावली लोक टाळत, त्यांच्या पावलांकडे आता साऱ्या राजधानीचे डोळे लागले!

त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत आठ लाखांच्या मुंबईतील निम्म्याच्या आसपास वस्ती गावोगाव पांगली. व्यापारी गेले, गुमास्ते गेले, गिरण्या ओस पडल्या. बहुतेक हलालखोर मात्र टोपली आणि झाडू घेऊन कामावर येत राहिले.

याला केवळ कर्तव्यनिष्ठा म्हणून आपण मोकळे व्हावे काय? पगाराची गरज त्यांना होतीच. पण गरज तर पळालेल्या गिरणीकामगारालाही होती. शिवाय रोगाशी ज्यांची गाठ रोज पडे, असेच यांचे काम. तरीही ते राहिले, एवढे सत्य पुरेसे बोलके आहे. या निष्ठेची परतफेड मात्र फार सावकाश झाली. माणसाकरवी मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध देशात कायदा झाला तो १९९३ साली, आणि २०१३ साली तो अधिक कडक करावा लागला. २०२० च्या करोनात घरे बंद झाली, तेव्हाही पहाटे रस्त्यावर दिसला तो सफाई कामगारच.

सरकारी नोकरांच्या कामचुकारपणाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो, आणि त्यांतल्या पुष्कळशा खऱ्याही असतात. पण कामाची निष्ठा खुर्चीच्या उंचीवर मोजता येत नाही, एवढे १८९६ ची मुंबई सांगून गेली. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो आपण. ती धरणाऱ्या हाताची आठवणही त्याच ताटात असू द्यावी.