मुंबईच्या प्लेगचे समीकरण आणि पदवीचे विद्यार्थी

साथीच्या रोगांच्या गणितात जगभर परिचित असलेला एक आलेख मुंबईचा आहे. 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची ती नोंद होय. एडिंबरो येथील विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या संशोधकांनी 1927 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे आकडे घेतले आणि आपल्या समीकरणातून निघणारी वक्ररेषा त्यांवर बसवून दाखवली. आज पदवीच्या वर्गात साथीच्या प्रतिमानांवर प्रकल्प करू पाहणारा विद्यार्थी बहुधा याच समीकरणापासून सुरुवात करतो.

या दोघांपैकी मॅकेंड्रिक भारताला अपरिचित नव्हते. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांच्यासमवेत त्यांनी 1901 मध्ये सिएरा लिओनमध्ये काम केले आणि पुढे ते कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक झाले. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. 1924 मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात वयाच्या 26व्या वर्षी त्यांची दृष्टी कायमची गेली. निबंधातील गणित त्यानंतरचे आहे.

प्रतिमानाची मांडणी साधी आहे. लोकसंख्येचे तीन गट मानावयाचे : लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे होऊन किंवा मृत्यू पावून साथीबाहेर गेलेले. पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा वेग हा पहिल्या दोन गटांच्या संख्यांच्या गुणाकाराशी प्रमाणात असतो. या गुणाकारातच सारी अडचण आणि सारे वैभव आहे. दोन्ही संख्या दुप्पट झाल्या तर नव्या लागणी दुप्पट न होता चौपट होतात. अशा समीकरणांना अरैखिक म्हणतात. दोन उत्तरांची बेरीज करून तिसरे उत्तर मिळवण्याची रैखिक समीकरणांतील सोय येथे चालत नाही.

मात्र उत्तराचे संपूर्ण सूत्र हाती नसतानाही बरेच काही सांगता येते. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका विशिष्ट उंबरठ्याखाली गेली की साथ ओसरू लागते; सर्वांना लागण होईपर्यंत ती थांबत नाही, असे नव्हे. एक बाधित सुरुवातीला सरासरी 2 जणांना रोग देत असेल, तर एकूण किती लोक बाधित होतील हे एका छोट्या अरैखिक समीकरणातून मिळते. बाधित होणारा अंश क्ष मानल्यास, क्ष आणि उणे 2क्ष या घातांकाचे घातीय फलन यांची बेरीज 1 असली पाहिजे. 1 हा अंदाज धरून पुन्हापुन्हा आकडेमोड केली असता 0.86, 0.82, 0.81, 0.80 अशी उत्तरे येत जातात आणि ती 0.797 च्या आसपास स्थिरावतात. म्हणजे सुमारे 80 टक्के लोक बाधित होतात, 20 टक्के सुटतात. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला हे कागदावर करता येते. न्यूटन-राफसन पद्धतीने ते आणखी लवकर होते, आणि पुढची पायरी म्हणून मूळ अवकल समीकरणे रुंगे-कुट्टा पद्धतीने पायथन किंवा सायलॅबमध्ये सोडवता येतात.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या काळी संगणक नव्हता. बाधितांचे प्रमाण लहान आहे असे मानून त्यांनी समीकरण सोपे केले आणि अपास्तीय सेकंट या फलनाच्या वर्गाच्या रूपात उत्तर काढले. मुंबईसाठी ते असे होते : 0.2 गुणिले आठवड्यांची संख्या, त्यातून 3.4 वजा, या राशीच्या अपास्तीय सेकंटचा वर्ग गुणिले 890. त्यानुसार साथीचा कळस 17व्या आठवड्यात येतो आणि तेव्हा आठवड्याचे मृत्यू 890 होतात. वक्ररेषेखालील एकूण बेरीज सुमारे 8,900 भरते. आकडे आणि रेषा यांचा मेळ डोळ्यांत भरणारा आहे.

परंतु मेळ बसला म्हणजे कारण सापडले, असे नाही. मुंबईची लोकसंख्या त्यावेळी 10 लाखांच्या घरात होती. या सर्वांना लागण होऊ शकत होती असे मानून हेच सूत्र उलट दिशेने वाचले, तर एक बाधित माणूस जेमतेम दोन तास रोग पसरवू शकतो, असे उत्तर निघते. प्लेगचा रुग्ण कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला असे. रेषा सुंदर आहे, तिच्या पोटातील संख्या मात्र अशक्य आहेत. हा पडताळा घेण्यास पदवीचे गणित पुरेसे आहे, आणि पाठ्यपुस्तकातील आलेख पुन्हा काढून दाखवण्यापेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

शिवाय ग्रंथिक प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जाणाऱ्या महाराष्ट्रातील लोकांना हा संबंध अनुभवाने ठाऊक झाला होता. मुंबईत मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर 1896 मध्ये प्लेगचे निदान केले. त्यानंतर ही साथ दरवर्षी साधारण त्याच महिन्यांत वाढत असे आणि कडक उन्हाळ्याबरोबर ओसरत असे, कारण उष्ण हवा पिसवांना मानवत नाही. लागण होऊ शकणारे लोक संपत आल्याने साथ थांबली, हे प्रतिमानाचे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या ऋतुमानाचा समावेश करून मुंबईचे गणित नव्याने मांडले. मूळ लेखकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे पाळली जात नाहीत आणि स्थिरांकांच्या किमतींवरून निष्कर्ष काढू नयेत, असा इशारा त्यांनी त्याच निबंधात दिला होता. आलेख सर्वत्र पोहोचला, इशारा मागे राहिला.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. भारतातील कोविडची साथ शिखर ओलांडून गेली असून फेब्रुवारी 2021 पर्यंत ती बहुतांशी आटोक्यात येऊ शकेल, असा अंदाज सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर 2020 मध्ये व्यक्त केला होता. मे 2021 च्या पहिल्या आठवड्यात दैनंदिन रुग्णसंख्या 4 लाखांवर गेली. झालेल्या आकड्यांवर रेषा बसवणे आणि पुढचे सांगणे यांतील अंतर तेव्हा सर्वांनीच पाहिले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सची सोय झाली आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो. तमिळनाडूत तिरुभुवनम् या रेशीम विणकरांच्या गावाशेजारी कुंभकोणम् आहे. तेथील सरकारी महाविद्यालयात श्रीनिवास रामानुजन 1904 मध्ये दाखल झाले, आणि गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. मुंबईत प्लेगची गणती चालू होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. गुणांची अट ठरवणाऱ्यांनी ती लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

मुंबईच्या आकड्यांत पदवीच्या विद्यार्थ्याला करण्याजोगे काम अजूनही आहे. प्लेग संशोधन आयोगाने शहरात गोळा केलेल्या उंदरांची तपासणी केली होती आणि तिचे अहवाल 1907 पासून इंग्लंडमधील आरोग्यविषयक नियतकालिकात छापले गेले. गटारांतील तपकिरी उंदरांत रोगाचा कळस आधी, घरांतील काळ्या उंदरांत त्यानंतर सुमारे 10 दिवसांनी आणि माणसांत आणखी 10 ते 14 दिवसांनी येतो, असे त्यांत आढळले. दोन जातींचे उंदीर, पिसवा आणि माणसे यांची समीकरणे मांडून हे अंतर त्यांतून निघते का, हे पाहता येईल. 1905-06 च्या आकड्यांवर बसवलेले स्थिरांक तसेच ठेवून 1906-07 चा हंगाम ओळखता येतो का, ही त्याची खरी कसोटी ठरेल.